बदललेलें हृदय आणि व्यायाम



जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल पडण्यापूर्वींच आपलें हृदय जिना चढूं लागलेलें असतें, ही गोष्ट आपल्यापैकीं फार थोड्यांच्या ध्यानांत आली असेल. चढावयाचें असें मनांत येतांच मेंदूकडून हृदयाला वर्दी जाते, आणि पाय हलतो न हलतो तोंच नाडी जलद होते. हा सारा व्यवहार इतका बिनबोभाट चालतो कीं, त्याकडे लक्ष देण्याचें आपणांस कारणच पडत नाहीं. परंतु ज्या मनुष्याचें हृदय त्याच्या जन्माबरोबर आलेलें नाहीं, दुसऱ्या कोणाच्या देहांतून काढून शस्त्रवैद्यांनीं त्याच्या छातींत बसविलेलें आहे, त्याची गोष्ट निराळी आहे. तो जिन्याच्या मध्यावर पोंचला, तरी जिना सुरू झाल्याची खबर त्याच्या हृदयास लागलेली नसते. असें हृदय श्रम कसे सोसतें, आणि तें बाळगणाऱ्यानें व त्याच्या घरच्या मंडळींनीं त्याच्याशीं कसें वागावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हृदय बदलण्याची शस्त्रक्रिया आतां केवळ नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. एका मनुष्याचें हृदय दुसऱ्या मनुष्याच्या छातींत बसविण्याचा पहिला प्रयोग ३ डिसेंबर १९६७ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील केप टाउन शहरीं, ग्रूटे स्क्यूर रुग्णालयांत, डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनीं केला. त्यांचा रोगी लुई वॉशकान्स्की हा १८ दिवस जगला, आणि त्याचा अंत झाला तो न्यूमोनियानें. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आंतच, १६ फेब्रुवारी १९६८ रोजीं, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं हीच शस्त्रक्रिया केली. हा रोगी कांहीं तासच जगला. त्या काळीं अशा बहुतेक प्रयत्नांची अखेर निराशेंत होत असे. परकें हृदय म्हणजे शरीराच्या दृष्टीनें घरांत शिरलेला परका मनुष्य. त्यास हांकून लावण्याची शरीराची उपजत प्रवृत्ति काबूंत ठेवण्याचें चांगलें साधन तेव्हां वैद्यांच्या हातीं आलेलें नव्हतें. पुढें १९८० नंतर सायक्लोस्पोरिन हें औषध प्रचारांत आलें आणि चित्र पालटलें. भारतांत १९९४ सालीं अवयवदानाचा कायदा संमत झाला, व त्याच वर्षीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत डॉ. वेणुगोपाल यांनीं ही शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखविली. मुंबईला मात्र २०१५ सालापर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षीं, ४७ वर्षांच्या खंडानंतर, पुण्याहून तांतडीनें आणलेलें एक हृदय मुंबईंतील एका रोग्याच्या छातींत पुन्हां चालूं लागलें.

आज जगभर ही शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोक दहा वर्षांपेक्षां जास्त जगतात. तेव्हां “हा मनुष्य वांचेल काय?” एवढाच प्रश्न आतां उरलेला नाहीं. वांचल्यावर तो करील काय? बाजारांत जाऊन पिशवी घेऊन येईल काय? आपल्या कामावर पुन्हां रुजू होईल काय? नातवंडाला कडेवर घेईल काय? या प्रश्नांचें उत्तर शेवटीं एकाच गोष्टीवर येऊन ठेपतें: श्रमाची हांक आली असतां तें नवें हृदय ओ देतें किंवा नाहीं.

तें समजण्यासाठीं आधीं आपल्या नेहमींच्या हृदयाची व्यवस्था पाहूं. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याच्या भिंतींत पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. प्रत्येक ठोक्याचा प्रारंभ तेथून होतो, म्हणून त्याला आपण स्पंदनकेंद्र म्हणूं. हें केंद्र कोणाच्या आज्ञेची वाट पाहत नाहीं. त्यास एकटें सोडलें तरी तें आपल्याच तालांत मिनिटाला सुमारें १०० ठोके देत राहतें. पण एरवीं त्याला एकटें सोडलेलें नसतें. मेंदूकडून दोन प्रकारचे मज्जातंतु त्याच्यापर्यंत आलेले असतात. एकाचें काम लगामाचें, दुसऱ्याचें टाचेचें. लगाम धरणाऱ्या मज्जातंतूस व्हेगस असें नांव आहे. तो अहोरात्र लगाम खेंचून असतो, म्हणूनच स्वस्थ बसलेल्या निरोगी मनुष्याची नाडी १०० न राहतां ६० ते ८० च्या घरांत राहते. श्रमास आरंभ होतांच प्रथम हा लगाम ढिला पडतो, आणि तें इतक्या त्वरेनें कीं एकदोन ठोक्यांतच फरक दिसूं लागतो. मागून दुसऱ्या मज्जातंतूंची टाच बसते, आणि नाडी १२०, १४०, १६० अशी चढत जाते. श्रम थांबले कीं लगाम पुन्हां आवळला जातो व थोड्याच मिनिटांत सर्व शांत होतें.

आतां शस्त्रक्रियेंत काय होतें तें पाहा. जुनें हृदय काढून नवें बसवितांना शस्त्रवैद्य मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींस शिवतात. परंतु मज्जातंतूंचे सूक्ष्म धागे कापले जातात, ते तसेच राहतात. ते जोडणें कोणाच्या हातचें नाहीं. टेलिफोनच्या साऱ्या तारा तोडलेल्या गांवासारखी त्या हृदयाची स्थिति होते. गांवांत माणसें आहेत, कामें चालू आहेत, पण राजधानींतला हुकूम तेथें पोंचत नाहीं. लगाम नाहीं आणि टाचही नाहीं. त्यामुळें स्पंदनकेंद्र आपल्या मूळच्या तालावर येतें, आणि स्वस्थ पडलेल्या रोग्याची नाडीही मिनिटाला ९० ते ११० भरते. घरच्या मंडळींनीं ती मोजली तर ताप आला असावा अशा समजुतीनें तीं घाबरून जातात. ती तापाची नाडी नव्हे. लगाम सुटलेल्या हृदयाची ती स्वाभाविक चाल आहे.

या तुटलेल्या तारांचा एक चमत्कारिक पुरावा हृदयाच्या विद्युत्‌आलेखांत पाहावयास मिळतो. शस्त्रक्रियेच्या जुन्या पद्धतींत रोग्याच्या मूळ हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा थोडा भाग जागेवरच ठेवून त्याला नवें हृदय शिवीत असत. त्या उरलेल्या भागांत रोग्याचें जुनें स्पंदनकेंद्र कायम असे, आणि त्याच्या तारा शाबूत असत. अशा रोग्याला चालावयास लावलें कीं जुनें केंद्र मेंदूची आज्ञा ऐकून तत्काळ जलद होई. पण शिवणीच्या रेषेपलीकडे त्याचा संदेश जात नसे. एकाच छातींत दोन केंद्रें, एक आज्ञा ऐकणारें पण अधिकार गेलेलें, आणि दुसरें अधिकारावर असलेलें पण आज्ञा न ऐकूं येणारें! आलेखावर दोघांच्या खुणा वेगवेगळ्या उमटत.

मग असें बहिरें हृदय श्रम सोसतें तरी कसें? त्याला दोन उपाय आहेत, आणि ते दोन्ही रक्ताच्या वाटेनें येतात.

पहिला उपाय असा. आपण चालूं लागलों कीं पायांचे स्नायु आकुंचन पावतात आणि शिरांतील रक्त पिळून वर हृदयाकडे लोटतात. श्वास खोल होतो, त्यामुळेंही छातीकडे रक्ताची ओढ वाढते. पाटाच्या तोंडाशीं बसलेला पाटकरी वरच्या धरणाची बातमी ऐकत नाहीं. पाटाला पाणी चढलें कीं तो दार अधिक उघडतो. हृदयाचेंही तसेंच आहे. आंत अधिक रक्त आलें कीं त्याच्या भिंती अधिक ताणल्या जातात, आणि जितक्या त्या ताणल्या जातात तितक्या जोरानें तें आकुंचन पावून अधिक रक्त बाहेर फेंकतें. जर्मनीचे ओट्टो फ्रँक यांनीं बेडकाच्या हृदयावर आणि इंग्लंडचे अर्नेस्ट स्टार्लिंग यांनीं कुत्र्याच्या हृदयावर प्रयोग करून हा नियम सिद्ध केला, आणि आज तो त्या दोघांच्या नांवानें ओळखला जातो. या नियमाला मज्जातंतूंची गरज नाहीं. तो हृदयाच्या मांसांतच मुरलेला आहे. म्हणून हृदय बदललेला मनुष्य चालूं लागला कीं पहिल्या कांहीं मिनिटांत त्याच्या ठोक्यांची संख्या जवळजवळ तेवढीच राहते. प्रत्येक ठोक्याबरोबर बाहेर पडणारें रक्त मात्र वाढतें.

दुसरा उपाय याहून सावकाश येतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथि असतात. श्रम, भय किंवा क्रोध यांच्या वेळीं त्या ॲड्रेनॅलीन नांवाचा स्राव रक्तांत सोडतात. मज्जातंतूंच्या टोकांतून निघणारें त्याच जातीचें द्रव्यही थोडें रक्तांत उतरतें. हें रक्त फिरत फिरत हृदयापाशीं येतें, आणि मेंदूनें तारेनें जें सांगावयाचें तें जणूं हातचिठ्ठीनें कळवितें. हृदयाला हातचिठ्ठीची भाषा कळते ती कां, याचा उलगडा फार जुना आहे. ऑस्ट्रियांतील ग्रात्स येथें १९२१ सालीं ओट्टो लोवी यांनीं बेडकाचें एक हृदय व्हेगस मज्जातंतु चेतवून मंद केलें, आणि त्या हृदयाभोंवतालचा द्रव दुसऱ्या एका हृदयावर घातला. दुसऱ्या हृदयाला कोणी स्पर्शही केला नव्हता. तरी तेंही मंद झालें. मज्जातंतु शेवटीं आपला निरोप रासायनिक द्रव्याच्याच रूपानें देतात, हें त्यावरून ठरलें, आणि लोवी यांस १९३६ सालीं सर हेन्री डेल यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. अमेरिकेंत हार्व्हर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन यांनीं तर मज्जातंतु तोडलेलें मांजराचें हृदय हेंच ॲड्रेनॅलीन मोजण्याचें यंत्र म्हणून वापरलें. मांजर खवळलें कीं तारा नसलेलें तें हृदयही कांहीं वेळानें जलद होई. कारण रक्तानें निरोप आणलेला असे.

मात्र हातचिठ्ठीला वेळ लागतो, आणि आपल्या विषयांतील सारें मर्म या एका गोष्टींत आहे. निरोगी मनुष्याची नाडी श्रमाबरोबर चढते. हृदय बदललेल्याची नाडी श्रमाच्या मागून, कित्येक मिनिटांनीं चढूं लागते. आणि ती निरोगी मनुष्याइतकी उंचही जात नाहीं. चाळीस वर्षांच्या निरोगी मनुष्याची नाडी अतिश्रमानें १८० च्या जवळपास जाऊं शकते. हृदय बदललेला मनुष्य, विशेषतः पहिल्या वर्षांत, त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबतो. उलट श्रम संपले तरी रक्तांत उतरलेलें ॲड्रेनॅलीन लगेच नाहींसें होत नाहीं. मनुष्य खुर्चीवर बसला तरी त्याची नाडी आणखी थोडी वाढते, आणि मग सावकाश खालीं येते. थोडक्यांत, हें हृदय उशिरा उठतें आणि उशिराच निजतें.

हा दोष कितपत मोठा आहे? अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें डोनाल्ड आणि शेफर्ड या शास्त्रज्ञांनीं या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं १९६४ च्या सुमारास शर्यतीचे ग्रेहाउंड कुत्रे घेतले. आधीं त्यांच्या धांवण्याचा वेळ मोजला, मग हृदयाकडे जाणारे मज्जातंतु तोडले, आणि बरे झाल्यावर त्यांस पुन्हां शर्यतींत सोडलें. सर्वांचा अंदाज असा कीं आतां हे कुत्रे मागें पडणार. प्रत्यक्षांत ते पूर्वींपेक्षां थोडेसेच मंद झाले. पुढें १९६८ सालीं डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याच जातीच्या कुत्र्यांना ॲड्रेनॅलीनचा हृदयावरील परिणाम बंद पाडणारें औषध दिलें. मज्जातंतु शाबूत असलेले कुत्रे त्यानें फारसे अडले नाहींत. मज्जातंतु तोडलेल्यांची धांव मात्र चांगलीच मंदावली. तार तुटली तरी चालतें, हातचिठ्ठीही अडविली तर चालत नाहीं, असा या प्रयोगांचा अर्थ आहे. रक्तदाबासाठीं सर्रास दिली जाणारी कांहीं औषधें याच जातीचीं असतात. म्हणून हृदय बदललेल्या रोग्यास तीं देतांना डॉक्टर विशेष विचार करतात, आणि शेजाऱ्याची गोळी आपण होऊन घेणें हें अशा रोग्यास इतरांहून अधिक घातक ठरूं शकतें.

ग्रेहाउंडचें उदाहरण ऐकून कोणी म्हणेल, मग हृदय बदललेला मनुष्य पूर्वींसारखाच धांवावयास हवा. तसें होत नाहीं. त्याची श्रम करण्याची शक्ति समवयस्क निरोगी माणसाच्या साधारणतः अर्ध्यापासून दोनतृतीयांशाच्या दरम्यान भरते. याचें कारण एकट्या हृदयांत नाहीं. ते कुत्रे धडधाकट होते. हा मनुष्य महिनोन्‌महिने, कधीं वर्षानुवर्षें, निकामी झालेल्या हृदयावर दिवस काढून आलेला असतो. अंथरुणावर पडून त्याच्या मांड्यांचे स्नायु झडलेले असतात, त्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या विरळ झालेल्या असतात, आणि मिळालेला प्राणवायु वापरण्याची त्यांची क्षमताही कमी झालेली असते. त्यांतच परक्या हृदयाचा नाश होऊं नये म्हणून द्याव्या लागणाऱ्या औषधांपैकीं स्टेरॉइड हें स्नायु अधिकच अशक्त करतें आणि हाडें पोकळ करतें. हृदय एका दिवसांत नवें मिळतें. पाय मात्र जुनेच असतात, आणि ते नवे करण्याचें काम शस्त्रवैद्याच्या आवांक्यांतलें नाहीं. तें काम व्यायामानेंच होतें.

आणि तें होतें, याला चांगला आधार आहे. १९९९ सालीं अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथील संशोधकांनीं नुकतेंच हृदय बदललेल्या २७ रोग्यांचे दोन गट केले. एका गटाकडून सहा महिने देखरेखीखालीं पद्धतशीर व्यायाम करविला, दुसऱ्यास घरच्या घरीं करण्याविषयीं सांगितलें. परमावधीच्या श्रमांत शरीर किती प्राणवायु वापरतें, हें माप पहिल्या गटांत ४९ टक्क्यांनीं वाढलें, तर दुसऱ्यांत १८ टक्क्यांनीं. फ्लॉरिडा विद्यापीठांतील संशोधकांनीं १९९६ सालीं असें दाखविलें कीं, वजनांचा बेताचा व्यायाम नियमानें केल्यास स्टेरॉइडमुळें झिजलेलीं पाठीच्या कण्याचीं हाडें पुन्हां भरून येऊं शकतात. अलीकडे नॉर्वे, स्वीडन व डेन्मार्क या देशांत तर थोडा वेळ जोराचा आणि थोडा वेळ हलका अशा आळीपाळीच्या व्यायामाचे प्रयोग, देखरेखीखालीं, यशस्वी झालेले आहेत. ज्या रोग्यांस पूर्वीं जपून जपून निजवून ठेवीत, त्यांस आज शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत खाटेशेजारीं उभें करतात, तें याच अनुभवाच्या बळावर.

मात्र या हृदयाशीं वागण्याची रीत निराळी आहे. ती थोडक्यांत सांगतों. तपशील ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनींच ठरवावयाचा.

पहिली गोष्ट, आरंभ सावकाश करावा. हातचिठ्ठी पोंचेपर्यंत हृदयाला अवधि द्यावा. पांच ते दहा मिनिटें अगदीं हलक्या चालीनें सुरुवात करावी आणि मग वेग वाढवावा. बस सुटतांना दिसली म्हणून एकाएकीं धांव घेणें हें अशा मनुष्यास वर्ज्य होय. अंथरुणांतून किंवा खुर्चींतून एकदम उठूं नये. आपली नाडी उठतांक्षणीं जशी जलद होऊन तोल सांवरते, तशी त्याची होत नाहीं, आणि डोळ्यांपुढें अंधारी येण्याचा संभव असतो.

दुसरी गोष्ट, शेवटही सावकाशच करावा. चालतां चालतां एकदम थांबलें तर पायांचे स्नायु रक्त वर लोटण्याचें काम सोडून देतात. हें हृदय तर याच रक्ताच्या ओघावर अवलंबून असतें. म्हणून आणखी पांचदहा मिनिटें मंद चालून मगच बसावें.

तिसरी गोष्ट, नाडीवर भरंवसा ठेवूं नये. इतर लोकांस व्यायामाचें प्रमाण नाडीवरून ठरवितां येतें. येथें नाडी मागाहून बोलते, म्हणून ती वाटाड्या म्हणून निरुपयोगी आहे. त्याऐवजीं आपणांस किती श्रम वाटतात हेंच मनाशीं मोजावें. स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनीं यासाठीं एक श्रममापिका बसवून दिली आहे. ती ६ पासून २० पर्यंत जाते; ६ म्हणजे मुळींच श्रम नाहींत, २० म्हणजे याउपर शक्ति नाहीं. हृदय बदललेल्यास प्रथम साधारणतः ११ ते १३ या आंकड्यांच्या दरम्यान राहण्यास सांगतात, म्हणजे “हलके” आणि “थोडे जड” यांच्यामधले श्रम. याहून सोपी खूण म्हणजे बोलण्याची. चालतांना शेजारच्याशीं सबंध वाक्य बोलतां यावें. बोलतां बोलतां धाप लागून वाक्य तुटूं लागलें कीं वेग कमी करावा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती दुखण्यासंबंधीं आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या म्हणजे सामान्य मनुष्याच्या छातींत कळ येते. ती कळ हा एक कडक पहारेकरी आहे. तो ओरडतो म्हणून मनुष्य थांबतो आणि डॉक्टरांकडे जातो. पण कळेचा निरोप मेंदूकडे नेणारे तंतूही कापलेलेच असतात. बसविलेल्या हृदयाच्या रक्तवाहिन्या कालांतरानें अरुंद होण्याचा धोका तर असतोच, आणि बहुधा तें निःशब्दपणें घडतें. म्हणून अशा मनुष्यानें छातींत दुखण्याची वाट पाहूं नये. कालपर्यंत सहज चढलेला जिना आज जड जाऊं लागला, विनाकारण धाप लागली, चक्कर आली, पायांवर सूज चढली, ताप आला, नाडींत अनियमितपणा आला, तर व्यायाम थांबवून तत्काळ डॉक्टरांस कळवावें. ठराविक मुदतीनें होणाऱ्या तपासण्या, “मला तर कांहीं होत नाहीं” असें म्हणून टाळणें हें शहाणपणाचें नव्हे; कांहीं न वाटणें हाच तर येथें धोका आहे.

यांतच सांगून ठेवावयाचें तें हें कीं, छातीचें मधलें हाड पुरतें सांधेपर्यंत, म्हणजे सामान्यतः दोनतीन महिने, जड ओझें उचलूं नये व ओढूंही नये. शरीर परक्या हृदयावर उठलें आहे असें तपासणींत दिसलें तर डॉक्टर सांगतील तितके दिवस विश्रांति घ्यावी. आणि औषधांमुळें रोगप्रतिकाराची शक्ति दबलेली असल्यानें, निदान पहिले कांहीं महिने, गर्दीच्या व्यायामशाळेपेक्षां सकाळची मोकळी हवा बरी.

आतां दोन शब्द घरच्या मंडळींसाठीं. मरणाच्या दारांतून परत आलेल्या मनुष्याविषयीं घरांत जी धास्ती असते, ती समजण्यासारखी आहे. त्यानें पाण्याचा तांब्या उचलला तरी आई धांवत येते. तो फिरावयास निघाला कीं पत्नीचा जीव खालींवर होतो. पण या मायेच्या पोटीं त्याला पुन्हां खाटेवर बसविलें, तर जें हृदय एवढ्या सायासानें मिळालें त्याचा उपयोग काय? असें हृदय विकत मिळत नाहीं. कोणाच्या तरी घरीं घडलेल्या आकांताच्या क्षणीं त्या घरच्या माणसांनीं मन घट्ट करून तें दिलेलें असतें. तें कांचेच्या कपाटांत ठेवण्यासाठीं नव्हे, वापरण्यासाठीं दिलेलें असतें. तेव्हां त्याच्या पाठीमागें “बसा, बसा” म्हणून लागण्यापेक्षां त्याच्याबरोबर अर्धा तास चालावें. चालतांना त्याचें बोलणें तुटत नाहीं ना, इकडे कान असावा. यापरतें चांगलें शुश्रूषेचें साधन घरच्या माणसांपाशीं दुसरें नाहीं.

आणि तुटलेल्या तारा कायमच्या तुटलेल्या राहतात काय? येथें निसर्गानें थोडी उदारता दाखविली आहे. एक वर्ष उलटल्यावर कित्येक रोग्यांत मज्जातंतूंचे नवे अंकुर शिवणीच्या रेषेपलीकडे हृदयांत शिरतांना आढळतात. २००१ सालीं म्युनिक येथील संशोधकांनीं असें दाखविलें कीं, ज्यांच्या हृदयांत असे तंतु पुन्हां रुजले होते त्यांची नाडी श्रमांत अधिक उंच जात होती आणि ते अधिक वेळ व्यायाम करूं शकत होते. हें रुजणें सर्वांत होत नाहीं, होतें तेव्हांही अपुरें असतें, आणि त्याला वर्षें लागतात. परंतु कांहींच्या बाबतींत नव्या हृदयाला, उशिरा कां होईना, नव्या घरची हांक ऐकूं येऊं लागते.

मनुष्यदेहाची मजल कोठवर जाऊं शकते याचींही उदाहरणें आहेत. अवयव बदललेल्या लोकांचे जागतिक क्रीडासामने १९७८ सालीं इंग्लंडांतील पोर्ट्‌स्मथ येथें सुरू झाले. केली पर्किन्स या अमेरिकन बाईंचें हृदय १९९५ सालीं बदललें, आणि २००३ सालीं त्या आल्प्स पर्वतांतील मॅटरहॉर्नच्या शिखरावर पोंचल्या. कॅनडाचे ड्वाइट क्रोनिंग यांचें हृदय १९८६ सालीं बदललेलें. २००८ सालीं त्यांनीं एकाच दिवसांत सुमारें ३.८ किलोमीटर पोहणें, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२ किलोमीटर धांवणें, अशी आयर्नमॅन नांवाची शर्यत पुरी केली. हीं असामान्य माणसें होत, आणि प्रत्येकानें त्यांची बरोबरी करावी असा माझा आग्रह नाहीं. पण त्यांनींही आरंभ केला तो रुग्णालयाच्या ओसरींत, कोणाचा तरी हात धरून, चार पावलें टाकूनच.

बसविलेलें हृदय दुबळें नसतें; तें केवळ दूर राहणारें असतें. त्याच्यापर्यंत निरोप पोंचावयास वेळ लागतो. तो वेळ त्याला नेमानें दिला, आणि घाई व भीति या दोन्ही गोष्टी टाळल्या, तर जिना तोच राहतो, पायऱ्या तितक्याच राहतात, आणि मनुष्य सावकाश कां होईना, पण स्वतःच्या पायांनीं वर जातो.